गुडघ्यातले एसीएल फाटले आहे, दोन दवाखान्यांत दोन सल्ले मिळाले आहेत: आपले अनुभव हवे आहेत

बॅकहँड

सात आठवड्यांपूर्वी बॅडमिंटन खेळताना उडी मारून डाव्या पायावर उतरलो, पाऊल जागच्या जागी राहिले आणि गुडघा आत वळला. आतून 'कट्' असा आवाज स्पष्ट ऐकू आला आणि दोन तासांत गुडघ्याची वाटी कुठे आहे हे कळेनासे होईल इतकी सूज चढली. एमआरआयच्या अहवालात एसीएल, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्यात बांधून ठेवणारे अस्थिबंध, पूर्ण फाटल्याचे आणि आतल्या बाजूच्या गादीला (दोन हाडांमधल्या मेनिस्कस नावाच्या कूर्चेला) लहानशी चीर असल्याचे लिहिले आहे. माझे वय 34 आहे.

पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर एमआरआयची चित्रे पाहिली आणि चार-पाच मिनिटांत पुढच्या आठवड्यातली शस्त्रक्रियेची तारीख सुचवली. माझ्या गुडघ्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. दुसरा दवाखाना क्रीडावैद्यकाचा होता. तिथल्या डॉक्टरांनी आधी माझा चांगला गुडघा तपासला, याचे मला नवल वाटले. गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली, तेव्हा उजवीकडे ती दोरी ताणल्यासारखी एकदम थांबली; डावीकडे मात्र ती थांबायलाच तयार नव्हती, पुढे पुढे सरकत राहिली. अहवाल वाचून जे समजले नव्हते, ते त्या क्षणी समजले. या डॉक्टरांचे म्हणणे असे की तीन महिने नेटाने व्यायाम करावा आणि मग शस्त्रक्रियेचा विचार करावा.

अशा दवाखान्यांविषयी लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी पुष्कळ वाचले. कर्मचारी हसतमुख आहेत, वाट फार पाहावी लागते, यापलीकडे त्यांत फारसे काही सापडत नाही. ज्यांचा गुडघा या वाटेने गेला आहे, त्यांनी पुढच्या वर्षभरात काय झाले आणि कोणत्या गोष्टी आधी विचारायला हव्या होत्या, हे कृपया लिहावे.

सरळरेषा

माझी शस्त्रक्रिया होऊन सोळा महिने झाले. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर (स्नायू हाडाला जोडणारी कंडरा) घेऊन दुर्बिणीतून नवे अस्थिबंध बसवले. शस्त्रक्रियेविषयी माझी काहीच तक्रार नाही, कारण खरे सांगायचे तर तो सगळ्यांत सोपा भाग होता. मी झोपलेली होते.

कठीण भाग तिसऱ्या दिवशी सुरू झाला. पलंगावर पाय लांब करून मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, एवढाच व्यायाम होता. मी मांडीकडे टक लावून पाहत होते, मनातल्या मनात तिला हुकूम सोडत होते आणि मांडी जराही हलत नव्हती. फिजिओथेरपिस्टने सांगितले की सांध्यात सूज असली की त्या स्नायूपर्यंत जाणारी आज्ञाच दबते. स्नायू शाबूत असतो, पण त्याला निरोप पोहोचत नाही. हे मला आधी कोणी सांगितले असते, तर त्या रात्री मी जी घाबरले ती घाबरले नसते. पंधरा दिवसांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झाली.

दुसरी गोष्ट गुडघा सरळ होण्याची. घरच्या सगळ्यांना तो किती वाकतो याची काळजी होती आणि मीही रोज तेवढेच पाहत होते. तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने मला उताणे झोपवून गुडघ्याखाली हात घातला, तर तिचा तळहात सहज आत गेला. याचा अर्थ गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता आणि तसाच आखडला असता, तर मी कायमची किंचित लंगडत चालले असते. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा, दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटे, असे महिनाभर केले. दिसायला हा व्यायाम अगदी निरुपद्रवी वाटतो, पण सातव्या मिनिटापासून घड्याळ पुढे सरकत नाही.

वर्षभरात सर्जन मला सहा वेळा भेटले, सगळा वेळ मिळून तासभरही झाला नसेल. फिजिओथेरपिस्टकडे मी साठाहून अधिक वेळा गेले. म्हणून दवाखाना निवडताना शस्त्रक्रिया कोण करणार याच्याइतकीच, किंबहुना थोडी अधिक, चौकशी त्यानंतर रोज आपल्याकडे कोण पाहणार याची करावी.

पायवाट

मी शस्त्रक्रिया केली नाही. माझ्या डॉक्टरांनी मला स्वीडनमधल्या एका अभ्यासाविषयी सांगितले होते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एसीएल फाटलेल्या 121 तरुण आणि खेळत्या व्यक्ती होत्या. त्यांपैकी 62 जणांवर लवकर शस्त्रक्रिया झाली आणि 59 जणांना आधी व्यायाम देऊन गरज पडल्यास पुढे शस्त्रक्रियेची मुभा दिली. दोन वर्षांत या 59 पैकी 23 जणांनीच ती करून घेतली आणि दोन्ही गटांनी स्वतः सांगितलेल्या त्रासात व क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही.

मी पळतो, डोंगर चढतो, सायकल चालवतो. मात्र फुटबॉल सोडला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझा गुडघा बरा राहिला त्यात व्यायामाचा वाटा किती आणि खेळ बदलण्याचा किती, हे मला वेगळे काढता येत नाही. तुम्हाला बॅडमिंटनच खेळायचे असेल, तर माझा अनुभव जसाच्या तसा लागू करू नये.

मोजपट्टी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला मिळालेले दोन सल्ले वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत. शस्त्रक्रिया करायची ठरली तरी सूज उतरलेल्या, पूर्ण सरळ होणाऱ्या आणि मांडीत ताकद असलेल्या गुडघ्यावर ती केलेली बरी, कारण सुजलेल्या व आखडलेल्या गुडघ्यावर घाईने केल्यास तो नंतर अधिक आखडण्याची भीती असते. त्यामुळे व्यायामाचे तीन महिने कोणत्याही निर्णयात वाया जात नाहीत.

याला अपवाद गादीचा आहे. फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात अडकून गुडघा मध्येच कुलूप लागल्यासारखा बसत असेल, तर थांबू नये. तसेच चालताना किंवा वळताना गुडघा वारंवार सटकत असेल, तर प्रत्येक वेळी गादीला नवी इजा होण्याचा धोका असतो. मग 'आधी व्यायाम' या सल्ल्याचा फेरविचार करायला हवा. तुमच्या अहवालातली चीर कोणत्या प्रकारची आहे, हे दोन्ही डॉक्टरांना स्पष्ट विचारा. शस्त्रक्रियेचा निर्णय एमआरआय, हाताने केलेली तपासणी आणि रुग्णाला काय करायचे आहे, या तिन्हींवर ठरतो. पहिल्या दवाखान्यात यांतली दोन राहून गेली.

बसवलेल्या शिरेचे अस्थिबंधात रूपांतर होण्यास अनेक महिने लागतात आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर ती उलट कमकुवत होते. नेमक्या त्याच काळात दुखणे थांबलेले असते, कुबड्या सुटलेल्या असतात आणि रुग्णाला वाटते की आपण बरे झालो. माझ्याकडे येणाऱ्यांना सांभाळावे लागते ते याच काळात.

दुसरा डाव

वरील प्रतिसाद वाचून राहवले नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा महिने होताच मला सांगण्यात आले की मुदत पूर्ण झाली, आता खेळायला हरकत नाही. एका पायावर उडी मारून पाहा, दोन्ही मांड्यांची ताकद मोजू, असे कोणीही म्हटले नाही. व्यायामाचा कागदसुद्धा माझ्या आधी आणि नंतर आलेल्या सगळ्यांना दिलेलाच होता. त्यावर वयाने माझ्या दुप्पट असलेल्या गृहस्थांचे नाव खोडून माझे लिहिले होते. पाचव्या सामन्यात तोच गुडघा पुन्हा गेला.

मोजपट्टी

वाईट झाले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे 51 टक्क्यांनी कमी झाले. म्हणून नऊ महिन्यांआधी नाही आणि नऊ महिने झाले तरी दुखऱ्या पायाची ताकद व उडी चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के भरल्याशिवाय नाही, असा दंडक आम्ही पाळतो. कॅलेंडर आणि मोजणी, दोन्ही लागतात.

बॅकहँड

सर्वांचे आभार. काल दुसऱ्या दवाखान्यात जाऊन चिरेविषयी विचारले. ती लहान व स्थिर आहे आणि गुडघा अडकत किंवा सटकत नाही, तोवर थांबता येईल असे उत्तर मिळाले. पहिल्या दवाखान्यातली तारीख रद्द न करता पुढे ढकलली आहे, कारण खेळ सोडायची तयारी अजून झालेली नाही.

फिजिओथेरपिस्टने वाटीच्या वर 10 सेंटिमीटर अंतरावर पेनाने खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी 51 आणि डावी 48.5 सेंटिमीटर भरली. गुडघ्याखाली तळहात गेला नाही, फक्त बोटांची टोके गेली. टॉवेलची गुंडाळी आज सकाळपासून सुरू केली आहे आणि सातव्या मिनिटाविषयी जे लिहिले होते ते खरे आहे. पुढची मोजणी तीन आठवड्यांनी आहे, आकडे इथेच लिहीन.