मदत हवी आहे : कॅनडात कॅलगरी ते विनिपेग सायकलने, मागच्या चाकाचे स्पोक तुटतात

जुलैत कॅलगरीहून विनिपेगला हायवे १ ने जायचंय. अंतर अंदाजे १३२५ किमी, हाताशी १६ दिवस. स्टीलची जुनी सायकल, मागे ७ गिअर, ३२ स्पोक, ३२ मिमीचे टायर. १८ किलो सामान, सगळं मागच्या कॅरिअरवर. सरावातच गिअरच्या बाजूचे दोन स्पोक हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) तुटले.
१) तुटलेलेच बदलू की अख्खं चाक?
२) रोज ९० किमी धरले तर १५ दिवस होतात, एक दिवस शिल्लक. चालेल ना?
३) पाणी किती घेऊ?

चक्रधर :
हबपाशी, वाकणावर तुटले म्हणजे धातू थकलाय. बाकीचेही त्याच वयाचे, त्यामुळे एकेक बदलत बसाल तर पुढचे रस्त्यात जातील. बहुतेक वेळा मूळ कारण ढिले स्पोक. चाक फिरताना खालचा स्पोक दर फेऱ्याला सैल पडतो, परत ताणला जातो. आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून चाक सरळ दिसतं, पण ताण कमीच राहतो. सामानाचा निम्मा भार पुढच्या लो-रायडरवर (पुढच्या चाकाच्या बाजूंना खाली बसणाऱ्या कॅरिअरवर) न्या. आणि सांगा, मागे कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा गिअरचक्रांचा संच) आहे की हबच्या आट्यांवर फिरवून बसणारं फ्रीव्हील?

पश्चिमवारा :
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. इथे दिवस किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. कॅलगरी १०४५ मीटरवर, विनिपेग २४० वर, त्यामुळे चढाचा बाऊ नको. खरा घाट वाऱ्याचा. वारा नसताना लादलेली सायकल ताशी २० किमीने जाते, तीच ताशी २५ किमीच्या समोरच्या वाऱ्यात तेवढ्याच दमात ९-१० वर येते. म्हणजे ९० किमीला साडेचार तासांऐवजी नऊ-दहा तास. पश्चिमेकडून पूर्वेला निघताय हे ठीक, पण कमी दाबाचा पट्टा येताना आग्नेयेचा वारा तोंडावर बसतो. किमान तीन दिवस राखीव ठेवा. जमीन तापली की वारा चढतो, म्हणून पहाटे पाचला निघा आणि दोनच्या आत मुक्काम गाठा. गारा आणि विजांची वादळंही बहुधा दुपारनंतरच येतात. माळावर आडोसा नसतो. तंबू म्हणजे विजेपासून आडोसा नव्हे.

प्रश्नकर्ता :
आट्यांचं फ्रीव्हील आहे. १६ दिवसांत बसत नसेल तर वाटेतल्या मेडिसिन हॅट शहरापासून सुरू करतो, सुमारे ३०० किमी कमी होतील.

चक्रधर :
हो, तसंच करा. आणि आट्यांचं फ्रीव्हील आहे म्हणजे चाकच बदला. गिअरच्या बाजूचा स्पोक घालायला फ्रीव्हील काढावं लागतं. ते पायडलच्या जोराने घट्ट बसलेलं असतं, मोठ्या पान्याशिवाय हलत नाही. शिवाय अशा हबचं उजवं बेअरिंग आत असतं, भाराने अ‍ॅक्सल (हबमधला दांडा) वाकतो. कॅसेटचा हब, ३६ स्पोक, मध्ये बारीक (२.०-१.८-२.०) असं चाक बांधून घ्या. ८-९ गिअरच्या हबवर ७ ची कॅसेट ४.५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारी कडी) घालून बसते, शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) तेच चालतात. आधी मागच्या फोर्कची आतली रुंदी मोजा, १२६, १३० की १३५ मिमी. हब त्याप्रमाणे. डाव्या-उजव्या स्पोकची लांबी वेगळी असते, दोन्हींचे तीन-तीन जास्तीचे, शिवाय कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग काढायचं छोटं हत्यार न्या.

तारेचं_कोडं :
शोल्डरवर (हायवेच्या कडेच्या पट्टीवर) फुटलेल्या ट्रक टायरच्या केसाएवढ्या पोलादी तारा पडलेल्या असतात. तार टायरमध्ये राहिली तर नवी ट्यूबही किलोमीटरभरात बसते. टायरवरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणून बसवा, मग ट्यूबच्या भोकावरून टायरमधली जागा सापडते. आतून कापूस फिरवा, अडकेल तिथे चिमट्याने ओढा. टायर ३५ चे, जाड पंक्चर-पट्टीचे घ्या, चाक बदलताच आहात तर.
पाणी : एरवी ४ लिटर, वाटेतल्या स्विफ्ट करंट शहराच्या पुढे ६. तिथून पुढे चॅप्लिनचं तळं दिसेल, पण त्यात सोडियम सल्फेट (एक क्षार) आहे. खळग्यांतली कितीतरी तळी तशीच खारी, आणि फिल्टर गाळ काढतो, क्षार नाही. नळ दिसला की भरून घ्या.