खोट्या इमर्जन्सी कॉलचे किस्से: नाशिककरांनो, तुमचेही सांगा

गोदाकाठ:
परवा समोरच्या बिल्डिंगमध्ये हळदीचा डीजे बंद होईना म्हणून एका काकांनी ११२ ला फोन लावून चक्क "तलवारी निघाल्यात" असं सांगितलं. पोलिसांच्या दोन गाड्या सायरन वाजवत आल्या आणि बघतात तर काय, नवरदेव हळदीने माखलेला, हात जोडून उभा. काकांचं म्हणणं, साधं सांगितलं तर येतंय कोण! नंबर दिसतोच की तिकडे, काकांनाच बोलावणं आलं. तुमचे अनुभव लिहा, फक्त कुणाचं नाव नको.

पंचवटीकर:
माझा दादा १०८ वर ड्रायव्हर आहे. छातीत दुखतंय असा कॉल आला म्हणून ऐन संध्याकाळी द्वारकाच्या गर्दीतून कशीबशी गाडी काढली, आत डॉक्टर तयार, आणि पेशंट गेटवर इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाईल अन् डब्याची पिशवी. नातेवाइकाला अॅडमिट केलंय, तिकडेच सोडा म्हणे! तेवढ्यात खरा कॉल आला की लांबची गाडी पाठवावी लागते. दादा म्हणतो, शंका आली तरी जावंच लागतं, न जाऊन खरं निघालं तर?

सातपूर_शिफ्टवाला:
आमच्याकडे कुणीतरी सुट्टीसाठी बॉम्बची चिठ्ठी टाकलेली. सुट्टी कसली, सगळे गेटबाहेर उन्हात, श्वान पथक येऊन जाईपर्यंत घरी कुणालाच सोडेनात. त्यात हस्ताक्षर जुळवायला सगळ्यांकडून लिहून घेतलं ते वेगळंच.

कोर्टकचेरी:
कायद्याचं सांगते. सरकारी नोकराला मुद्दाम खोटी माहिती दिली की बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम २१७, १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहिता) कलम १८२ मध्ये कैद ६ महिन्यांपर्यंतच होती. चुकून लागलेला कॉल यात येत नाही, खोटं आहे हे माहीत असून सांगितलेलं असावं लागतं.

साक्रीचा_पाहुणा:
फोनच कशाला, व्हॉट्सॲपवरचं पण धरा. २०१८ ला आमच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. ते मेसेज फॉरवर्ड करणारे आपल्यातलेच.

सिडकोची_आई:
@कोर्टकचेरी, हे बरं सांगितलंत. आमच्या पोराने सासूबाईंच्या मोबाईलचं पॉवर बटण पटापट दाबलं आणि लागला की ११२! सासूबाईंनी घाबरून कट केला. लगेच परत फोन आला, बाई शांतपणे विचारत होती, घरात सगळं ठीक ना, कुणी शेजारी उभं राहून बोलायला लावत नाही ना. खरं ते सांगितलं, विषय संपला. पोरगं मात्र शाळेत सांगत सुटलंय, आमच्या आजीला पोलिसांचा फोन आलेला.