क्वेट्याच्या भूकंपाचे जुने फोटो, मदत हवी आहे

मंडळी, दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करतोय, त्यात पणजोबांचा काळ्या पानांचा अल्बम निघाला. ते रेल्वेत होते, बदली क्वेट्याला (बलुचिस्तानात, आता पाकिस्तानात). ३१ मे १९३५ ला पहाटे तीनच्या सुमाराला तिथे भूकंप झाला, झोपेतच किमान ३०,००० माणसं गेली, शहर जमीनदोस्त, कँटोन्मेंटचा बराच भाग मात्र उभा, आणि नंतर रोगराईच्या भीतीने लष्कराने शहर सीलच केलं, म्हणून आतले हे फोटो मला फार मोलाचे वाटतात. एकावर पेन्सिलीने ब्रूस रोड लिहिलंय, तो तिथला मोठा बाजार.

पण काही फोटो जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपातले, मुंगेरचे असतील असं काका म्हणतात. मागे उघडे डोंगर दिसले तर क्वेटा, एवढं मी धरलंय, पण नुसते विटांचे ढीग कसे ओळखायचे?

शिवाय कडांना चंदेरी झाक आलीय, काही पानाला घट्ट चिकटलेत. स्टुडिओवाला म्हणाला सोलून काढा नि लॅमिनेट करा, मी साफ नाही म्हटलं. पानासकटच ६०० डीपीआयला स्कॅन करू ना? बडोद्यात असलं काम जपून करणारं कोणी माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा, पावसाळा तोंडावर आलाय.