हिवतापाच्या रिंग दिसतात, पण परजीवी फाल्सिपेरम प्रकारचा की व्हायवॅक्स?

काचपट्टी (कोल्हापूर)

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काल आमच्या गडहिंग्लजच्या संकलन केंद्रातून एका तरुण मजुराच्या रक्ताचा नमुना आला. हा मजूर मूळचा ओडिशाचा असून दहा दिवसांपूर्वीच गावाहून रस्त्याच्या कामावर परतला आहे आणि तीन दिवसांपासून त्याला थंडी वाजून ताप येत आहे. सकाळी नऊ वाजता ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या बल्बमध्ये घेतलेला नमुना पावसात गाडी अडकल्यामुळे आमच्या टेबलावर येईपर्यंत साडेतीन वाजले होते.

लिशमन रंगाने रंगवलेल्या पातळ स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) रिंग, म्हणजे परजीवीची अंगठीसारखी कोवळी अवस्था, भरपूर दिसल्या आणि काही पेशींत तर दोन-दोन होत्या. लाल पेशी मोठ्या झालेल्या वाटल्या नाहीत, व्हायवॅक्सची खूण असलेले शुफनरचे ठिपके कोठेही दिसले नाहीत आणि फाल्सिपेरमचे चंद्रकोरीच्या आकाराचे गॅमेटोसाइटही (परजीवीची लैंगिक अवस्था) सापडले नाहीत. हिवतापाच्या झटपट चाचणीच्या रॅपिड कार्डवर फाल्सिपेरमची रेघ स्पष्ट आली, व्हायवॅक्सची मात्र अगदी फिकट. मी अहवालात फाल्सिपेरम लिहायला घेतलेच होते, पण सूक्ष्मदर्शकाच्या एका फील्डमध्ये पेशीभर पसरलेला एक वेडावाकडा परजीवी दिसला आणि हात थांबला. तूर्त ‘हिवतापाचे परजीवी आढळले, प्रकार निश्चित करणे बाकी’ एवढेच डॉक्टरांना फोनवरून कळवले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तेलाचा थेंब

हात थांबला हे उत्तम झाले. हिवताप विभागात मी आयुष्यभर स्लाइडच पाहिल्या, त्यावरून सांगतो की नवशिक्या माणूस रिंगकडे पाहत बसतो, तर प्रकाराची खूण बहुतेक वेळा रिंगभोवतीच्या लाल पेशीत असते. एका पेशीत दोन रिंग म्हणजे फाल्सिपेरम, असे आपल्याला पाठ करून घेतलेले असते. परंतु व्हायवॅक्समध्येही अशा पेशी अधूनमधून सापडतात, त्यामुळे केवळ त्या आधारावर निदान करू नये.

स्मिअरच्या शेपटाकडे, जिथे पेशी एकमेकींवर न चढता सुट्या पडलेल्या असतात, तिथे जावे आणि रिंग असलेली पेशी शेजारच्या रिकाम्या पेशीशी ताडून पाहावी. व्हायवॅक्सची रिंग जाडसर असते आणि पेशीच्या व्यासाचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापते. फाल्सिपेरमची रिंग दोऱ्यासारखी बारीक, जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी, आणि पुष्कळदा पेशीच्या कडेला चिकटवल्यासारखी असते.

आपल्याला दिसलेला तो वेडावाकडा परजीवी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फाल्सिपेरमचे वाढलेले परजीवी आतल्या अवयवांच्या केशवाहिन्यांत अडकून राहतात आणि बोटाच्या रक्तात सहसा येत नाहीत. आले तर रुग्ण बहुधा गंभीर असतो. आपला मजूर चालत आला असेल, तर आधी व्हायवॅक्सचा विचार करावा. त्याने गावी हिवतापाच्या गोळ्या घेतल्या होत्या का, एवढे विचारून घ्यावे.

पॅथॉलॉजीवाली

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त ठिपके का दिसले नाहीत, याबद्दल लिहिते. आपण लिशमनसाठी 6.8 पीएचचा बफर वापरला असणार. रोजच्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) स्मिअरला तो योग्यच आहे, पण शुफनरचे ठिपके त्यात नीट उठत नाहीत, त्यासाठी 7.2 चा बफर आणि शक्य असल्यास गिम्सा हा रंग घ्यावा. (सरकारी केंद्रांत जेएसबी वापरतात. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी 1944 मध्ये बसवलेला हा रंग स्वस्त असून झटपट होतो.)

त्यातच नमुना ईडीटीएमध्ये साडेसहा तास पडून होता. इतक्या वेळात परजीवी आक्रसून गोल होतात, ठिपके पुसट होतात आणि व्हायवॅक्सने फुगलेली पेशीही लहान दिसू लागते, म्हणजे आपण ज्या खुणा शोधत होता त्याच नेमक्या बिघडलेल्या होत्या. स्मिअर तासाभरात व्हायला हवा. रुग्णाला बोलावून बोटातून ताजे रक्त घ्यावे आणि जाड व पातळ असे दोन्ही स्मिअर करावेत; पातळ स्मिअर मिथेनॉलमध्ये पक्का करावा, जाड करू नये. मिथेनॉलची बाटली नवी उघडावी, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली हवेतले पाणी ओढते आणि मग लाल पेशींवर चकाकणारे डाग पडतात, ज्यांना मी स्वतः एकदा परजीवी समजले होते.

कार्डाबद्दल सांगायचे तर फाल्सिपेरमची रेघ एचआरपी-2 या प्रथिनावर उठते, आणि ते प्रथिन परजीवी मेल्यानंतरही काही आठवडे रक्तात राहते.

काचपट्टी

दोघांचे आभार. डॉक्टरांनी रुग्णाला आज सकाळी थेट आमच्याकडे पाठवले. तीन आठवड्यांपूर्वी गावी ताप आला असता बोट टोचून तपासणी झाली होती आणि तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या, असे त्याने सांगितले; कागद मात्र हरवला आहे.

7.2 च्या बफरमध्ये तीन टक्के गिम्सा 45 मिनिटे ठेवला. कालच्या आणि आजच्या स्लाइड एकाच रुग्णाच्या आहेत, यावर विश्वास बसेना. परजीवी असलेल्या पेशी शेजारणींच्या दीडपट मोठ्या, त्यांच्यावर गुलाबी रव्यासारखे ठिपके, आत हातपाय पसरलेले ट्रोफोझोइट (रिंगनंतरची वाढलेली अवस्था) आणि दोन ठिकाणी गोल गॅमेटोसाइट. व्हायवॅक्स म्हणून अहवाल टाइप करायला बसलो होतो, पण जाड स्मिअरची शंभर फील्ड झाल्यावरही पुढे पाहत राहिलो आणि एक चंद्रकोर सापडली. आता हा मिश्र संसर्ग म्हणायचा का?

पॅथॉलॉजीवाली

फाल्सिपेरमच्या बारीक रिंग कोठेही नसतील, तर ती चंद्रकोर बहुधा मागच्या आजारातली आहे. हिवतापाच्या गोळ्यांनी रिंग मरतात, पण पक्व गॅमेटोसाइट काही आठवडे फिरत राहतात. कार्डावरच्या ठळक रेघेचाही उलगडा त्यातून होतो. फाल्सिपेरमच्या उपचारानंतर यकृतात दडलेला व्हायवॅक्स डोके वर काढतो, हेही नेहमीचेच आहे. अहवालात निष्कर्ष एका शब्दात न लिहिता ‘व्हायवॅक्स: रिंग, ट्रोफोझोइट व गॅमेटोसाइट, फाल्सिपेरम: केवळ गॅमेटोसाइट’ असे लिहावे आणि गावच्या उपचाराची नोंद खाली द्यावी. प्रायमाक्विन (यकृतात दडलेला व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरमचे गॅमेटोसाइट मारणारे औषध) व्हायवॅक्ससाठी 14 दिवस आणि फाल्सिपेरमसाठी एकच मात्रा असते, त्यामुळे डॉक्टरांना दोन्ही ओळी दिसणे आवश्यक आहे. प्रायमाक्विन देणे सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी जी-6-पीडी या एन्झाइमची तपासणी सांगितली आहे का, हेही त्यांना विचारावे.

तेलाचा थेंब

चंद्रकोर सापडलेल्या जागेभोवती काचेवर मार्करने वर्तुळ करून ठेवावे. तेल झायलीनने टिपून घ्यावे, पुसू नये. स्लाइड फेरतपासणीला गेली, तर समोरच्याला ती एकच चंद्रकोर पुन्हा शोधावी लागेल.