संघ नवा, शहर नवं: पहिल्या सीझनचे अनुभव सांगा

सॉल्टलेककर
काल लेकाचं कपाट आवरताना काळी जर्सी हाती लागली. छातीवर तिरकं ‘यूटा’ एवढंच. आता संघाला मॅमथ हे नाव मिळालंय, जर्सी नवी आलीय, ही त्याला आखूडही होते. पण देऊन टाकू म्हटलं तर तयार नाही. मग मीच ती मांडीवर घेऊन बसले आणि २०२४-२५ चा अख्खा सीझन डोळ्यांपुढून गेला.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. आइस हॉकीच्या ॲरिझोना कायोटीजचा शेवटचा सामना १७ एप्रिल २०२४ ला झाला, दुसऱ्याच दिवशी एनएचएलने (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग) संघ इकडे हलवायला मंजुरी दिली आणि २४ तारखेला खेळाडू आमच्या सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर उतरले. रायन आणि ॲशली स्मिथ यांनी १.२ अब्ज डॉलर मोजले. खेळाडू, कोच आंद्रे तुरिनी, मॅनेजर सगळे आले. नाव, चिन्ह, जुने विक्रम मात्र तिकडेच राहिले. आठवड्याभरात बिऱ्हाड हललं! नाव ठरवायला सवड नव्हती, म्हणून पहिलं वर्षभर नुसतं ‘यूटा हॉकी क्लब’.

८ ऑक्टोबरचा पहिला सामना आम्ही डेल्टा सेंटरमध्ये बसून पाहिला. समोर शिकागो ब्लॅकहॉक्स. हे स्टेडियम मुळात बास्केटबॉलसाठी बांधलेलं, हॉकीचं मैदान त्याहून बरंच लांब. त्यामुळे टोकाच्या काही जागांवरून जवळचा गोल दिसतच नाही. आमची तिकिटं नेमकी तिथलीच. पक (हॉकीची रबरी चकती) आमच्या बाजूला आला की रांगच्या रांग उभी राहायची, तरी दिसायचं नाही, मग सगळ्यांच्या माना वर पडद्याकडे. डिलन गंथरने क्लबचा पहिला गोल मारला तेव्हा शेजारचे अनोळखी आजोबा आणि मी एकमेकांचे हात धरून ओरडत होतो. ५-२ जिंकलो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. जॅझ या इथल्या बास्केटबॉल संघाच्या मॅचला गेलं की १९९७ आणि १९९८ च्या फायनल्सच्या गप्पा निघतात. आपण तेव्हा इथे नव्हतो, तेव्हा नुसतं ऐकायचं. हॉकीला त्या दिवशी आमच्या आजूबाजूचे सगळेच नवे होते. शिट्टी वाजली की का वाजली ते आमच्या रांगेत कुणालाच कळेना. मी फोनवर शोधून ऑफसाइड म्हणजे काय ते लेकाला सांगत होते, तर पुढची दोघं वळून ऐकायला लागली आणि मागून कुणीतरी ‘परत सांगा’ म्हणालं. या गावातली एखादी गोष्ट पहिल्या दिवसापासून माझीही आहे, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

तुमच्या शहरात असा संघ आला असेल किंवा तिथून गेला असेल तर लिहा. दोन ओळी चालतील.

जाईजुई
मस्त लिहिलंयस गं. आम्ही जवळच्या लीहाय गावात राहतो, त्या वर्षी ऑफिसात सोमवारी सकाळी हॉकीशिवाय विषय नव्हता. पहिले तीन सामने ओळीने जिंकले होते ना? न्यूयॉर्कचे दोन्ही ओव्हरटाइममध्ये. नवरा म्हणाला, झालं, आता लीगचा स्टॅनली कप आपलाच. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

चहाबाज
नियम अजून कळत नाहीत. पण मैदानाभोवतीच्या काचेवर माणूस आपटला की जो आवाज येतो, तो टीव्हीवर नाही येत. त्यासाठी जातो मी.

फिनिक्सकर_मावशी
लिहू की नको असं झालं होतं. तुमच्याकडे आला तो संघ आमच्याकडून गेला.

१७ एप्रिलला आम्ही फिनिक्सजवळच्या टेंपीच्या मलेट अरीनात होतो. कॉलेजचं छोटं स्टेडियम, जेमतेम ४,६०० जागा. संघाचं ग्लेनडेलचं मोठं स्टेडियम सुटलं, मग २०२३ च्या मे महिन्यात टेंपीच्या लोकांनी नव्या स्टेडियमच्या विरोधात मतं दिली. तेव्हाच धाकधूक लागली होती. एडमंटनला ५-२ हरवलं त्या रात्री. संपल्यावर कुणी जागचं हलेना. माझी लेक कायोटीजच्या शेन डोनला खेळताना बघत मोठी झाली, तिला आता स्वतःची मुलगी आहे, आणि ती बाई रेलिंगला टेकून हमसून रडत होती. शेनचा मुलगा जॉश त्या संघात होता, तोही गेला तुमच्याकडे.

यूटाचा पहिला निकालसुद्धा ५-२ लागला, तेव्हा मी टीव्ही बंद केला. तुमच्यावर राग नाही गं. पोरं चांगली आहेत, त्यांना भरलेलं स्टेडियम मिळालं हे बघून बरंच वाटलं. पण इकडच्या शाळकरी मुलांनी कुणाकडे बघून खेळायचं आता? आजचा मोठा हॉकीपटू ऑस्टन मॅथ्यूज इथे स्कॉट्सडेलला वाढला, कायोटीजचे सामने बघत. वाळवंटातून असा खेळाडू निघाला तो संघ होता म्हणून.

सॉल्टलेककर
मावशी, वाचून गलबलून आलं. खरं सांगते, पहिल्या दिवशी आमच्या पुढे एक बाई कायोटीजची जर्सी घालून बसल्या होत्या, फिनिक्सहून गाडी चालवत आलेल्या. लोक थांबून थांबून त्यांच्याशी बोलत होते. कायोटीजकडून आलेल्या क्लेटन केलरला मिळालेली पहिली मोठी आरोळी त्यांची होती.

फिनिक्सकर_मावशी
केलर आमचा लाडका. २०१६ मध्ये निवडला तेव्हा मिसरूड फुटत होतं. जपा त्याला.

बर्फाळ_विनिपेग
मावशींचं दुःख आम्हाला पुरतं ठाऊक आहे. कायोटीज म्हणजे मूळचे आमचे जेट्स, १९९६ मध्ये फिनिक्सला गेलेले. आमच्याकडे १५ वर्षं काही नाही. मग २०११ मध्ये अटलांटाचे थ्रॅशर्स इथे आले आणि नाव पुन्हा जेट्सच ठेवलं.

९ ऑक्टोबर २०११, माँट्रियलशी पहिला सामना. ५-१ ने हरलो, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत! मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नेलं होतं. पन्नाशीचा, एरवी मोजून बोलणारा माणूस. कॅनडाच्या राष्ट्रगीतात ‘ट्रू नॉर्थ’ हे शब्द आले की अख्खं स्टेडियम ओरडतं. ते ओरडून तो खाली बसला आणि चष्मा पुसत राहिला. तोपर्यंत मला हे शहर म्हणजे उणे ३० आणि गाडीला लावायची हीटरची वायर एवढंच माहीत होतं. त्या वर्षी प्लेऑफ (साखळीनंतरची बाद फेरी) हुकले. पण जानेवारीत संध्याकाळी बाहेर पडायला कारण मिळालं, ते आजतागायत आहे.

भटक्या७७
अटलांटाकर हजर. आमचे दोनदा गेले. १९८० ला फ्लेम्स कॅलगरीला, २०११ ला थ्रॅशर्स विनिपेगला. दोन्ही कॅनडात. यापुढे बोलवत नाही.

बर्फाळ_विनिपेग
@भटक्या७७, कधी आलात तर घरी या. पहिलं जेवण माझ्याकडे.

अनामिका_केरी
आमचे हरिकेन्स १९९७ मध्ये हार्टफर्डहून आले, तेव्हा इथलं रॅली शहरातलं स्टेडियम तयारच नव्हतं. दोन सीझन ग्रीन्सबरोला खेळले. शुक्रवारी काम संपवून आय-४० हायवेने सव्वा-दीड तास. तिथे पोचावं तर वरचा मजला पडदे लावून झाकलेला, खालीही माणसं विरळ. एवढी शांतता की खेळाडू एकमेकांना हाका मारायचे त्या ऐकू यायच्या. ग्रीन्सबरोच्या लोकांना वाटे हा रॅलीचा संघ, आणि रॅलीकरांना एवढं लांब जायचा कंटाळा. बातम्यांत रोज चेष्टा. मला फार वाईट वाटायचं, खेळणाऱ्यांचा काय दोष? २००६ ला त्याच संघाने स्टॅनली कप आणला तेव्हा केरीतली आपली मराठी पोरंसुद्धा गाड्यांना झेंडे लावून फिरत होती. म्हणून सांगते, पहिल्या सीझनवरून काही ठरवू नये.

कोकणी_फणस
डेन्व्हर. नॉर्डिक्स क्यूबेकहून आले, ॲव्हलांच झाले आणि पहिल्याच सीझनला, १९९६ मध्ये, कप. आमच्या नशिबात वाट बघणं नव्हतंच. क्यूबेकवाल्यांचं काय झालं असेल त्या दिवशी, हा विचार माझ्या मनात मात्र फार उशिरा आला.

चहाबाज
पॉवर प्ले कुणी समजावेल का? क्रिकेटचा नव्हे.

जाईजुई
कुकर झाला, आले. @चहाबाज, कबड्डीत गडी बाद झाला की उरलेले खेळतात ना, तसंच. फाऊल करणारा २ मिनिटं बाहेरच्या खोक्यात बसतो, त्याचा संघ चौघांवर आणि समोरचे पाच. त्या २ मिनिटांत समोरच्यांनी गोल केला की गडी परत आत. गोलकीपर धरलेले नाहीत.

माझी आठवण म्हणजे नावाचं मतदान. स्टेडियममध्येच मत द्यायचं, २०२५ च्या सुरुवातीला. धाकटीला ‘यती’ हवं होतं, आधीच्या फेरीत ते पुढेही होतं, पण त्या नावाच्या थर्मासवाल्या कंपनीशी ट्रेडमार्कचं जमलं नाही. घरी दोन दिवस अबोला. मग मॅमथला मत दिलं तिने, सुळे आवडतात म्हणून.

आणि टोरंटोत बस ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा सगळे खेळाडू सूटबुटात रस्त्याने चालत स्टेडियमला गेले, तो व्हिडिओ पाहिलात का? आमच्याकडे अजून लागतो.

मृद्गंध
आम्ही मॅचला गेलो नाही, तिकिटं झेपत नव्हती. पण मुलगा त्या वर्षी स्केटिंग शिकायला लागला. आधी संघाचा सराव कर्न्सच्या ऑलिंपिक ओव्हलला असायचा, २००२ च्या ऑलिंपिकचं तेच. आमच्या घरापासून जवळ. पहिल्या दिवशी भिंत धरून एक फेरी मारली त्याने, आणि बाहेर येऊन म्हणाला, केलर पण असाच पडला असेल ना सुरुवातीला?

सॉल्टलेककर
@मृद्गंध, किती गोड! त्या केलरने त्या सीझनला ९० वैयक्तिक गुण केले, ३० गोल आणि ६० असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला मदत). सांग त्याला. संघाचे गुणतक्त्यात ८९ झाले, ३८ विजय. प्लेऑफ ७ गुणांनी हुकले. मार्चमध्ये मी रोज रात्री त्याच जागेसाठी झगडणाऱ्या सेंट लुईसचा स्कोअर बघून झोपायचे.

जाईजुई
मी पण! आणि आपला गोलकीपर व्हेमेल्का. शेवटी शेवटी त्याला विश्रांतीच नव्हती.

नवखा_प्रोव्हो
धागा आत्ता वाचला. गेल्या महिन्यातच इकडे आलोय. टोकाच्या त्या जागा सोडून कुठली तिकिटं घेऊ? बरोबर आई आहे, तिला थंडी सोसत नाही.

सॉल्टलेककर
कोपऱ्यापेक्षा मधल्या भागात, थोडं वर घे. पूर्ण मैदान दिसतं आणि बर्फापासून लांब म्हणून गारवा कमी. गाडी आणू नकोस, ट्रॅक्स या लोकल ट्रेनचं स्टेशन दारातच आहे. आईंना शाल दे, आणि मोज्यांचा जोड जास्तीचा.

मृद्गंध
आणि विश्रांतीच्या वेळी बर्फ गुळगुळीत करायला झँबोनी येते, तेव्हा आईंना खाली काचेपाशी नेऊन आण. माझ्या सासूबाईंना मॅचपेक्षा तीच आवडली.