आधी नोंदणी, मग प्रस्ताव
कल्पना चांगली असूनही छोट्या संस्था वकिलातीच्या अनुदानात मागे का पडतात, या प्रश्नावर थोडं सांगतो. अमेरिकी दूतावासाच्या पब्लिक डिप्लोमसी (लोकांशी थेट संबंध जोडणाऱ्या उपक्रमांच्या) अनुदानासाठी प्रस्तावात अमेरिकेशी दुवा लागतो. नुसतं 'लोकसंगीत महोत्सव' लिहून भागत नाही. अमेरिकी बँजोवादक स्थानिक वादकांसोबत कार्यशाळा घेईल, त्यातून काय उभं राहील, हे नेमकं मांडा. पण खरी अडचण कागदपत्रांची. संस्थेला सॅम डॉट गव्ह (SAM.gov) या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि २०२२ पासून डन्स या जुन्या ओळख क्रमांकाऐवजी यूईआय (UEI) हा संस्थेचा ओळख क्रमांक लागतो. ही नोंदणी मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर अजिबात देऊ नका! मात्र संस्थेचं नाव-पत्ता कागदपत्रांशी तंतोतंत जुळला नाही की आठवडे जातात. त्यामुळे अनुदानाच्या जाहिरातीची वाट न पाहता आजच सुरुवात करा.