ड्रॉइंगचे तास माझ्याकडे आलेत, आठवी-नववीला काय अन् कसं शिकवू?

दुधनाकाठ:
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमचे ड्रॉइंगचे सर रिटायर झाले, त्यांच्या जागेवर कुणी आलं नाही आणि जूनपासून चित्रकलेचे तास माझ्याकडे दिलेत. मी स्वतः लहानपणी एलिमेंटरी, म्हणजे चित्रकलेची पहिली सरकारी परीक्षा, पास झालो तेवढंच. वर्गात 56 लेकरं, आठवड्याला दोन तास. सध्या मी फळ्यावर काढतो अन् लेकरं उतरून घेतात, दोन डोंगर, मधी सूर्य, नदी, काठाला नारळ. आमच्या गावात नारळाचं एकपण झाड नाही. परवा एका पोरीनं विचारलं की सर, खरा डोंगर असा त्रिकोणी असतो का, आणि मला काही बोलता येईना, तेव्हापासून तेच डोक्यात घोळायलंय. 11 लेकरांना एलिमेंटरीला बसायचंय. निम्म्यांच्या घरी रंगाची पेटी घेण्याइतके पैसे नसतात, तेव्हा महागाचं काही सांगू नका. सुरुवात कुठून करू?

जुना_कलाशिक्षक, लातूर:
सर, पहिले दोन महिने फळ्यावर काहीच काढू नका. तुम्हाला चित्र येत नाही याची काळजी सोडा, लेकरांना बघायला शिकवायचंय, ते तुम्हाला जमंल.

पहिल्या तासाला घरून एक भाकरी न्या. खरंच. डोळ्यासमोर अगदी आडवी धरायला लावा, नुसती रेघ दिसते. हळूहळू खाली न्यायची, ती रेघ उघडत जाते, मांडीवर आली की जवळजवळ गोल. हे एकदा हातानं केलं की तांब्या, घागर, बादली, सगळ्याचं तोंड समजतं. आठवीच्या दहातल्या आठ लेकरांची चूक ठरलेली असते, घागरीचं तोंड दोन्ही टोकांना टोकदार, बदामासारखं काढतात, आणि बूड पट्टीनं मारल्यासारखं सरळ. कारण घागर जमिनीवर सपाट बसते हे त्यांना माहीत असतं, म्हणून डोळ्याला दिसतं ते सोडून माहीत असलेलं काढतात. बूड डोळ्यापासून तोंडापेक्षा जास्त खाली असतं म्हणजे त्याचा वळसा तोंडापेक्षा जास्त गोल पाहिजे. आधी मधोमध उभी फिकट रेघ, दोन्ही अंगाला सारखं माप, मग वळसा. खोडरबर पहिला अर्धा तास दप्तरात.

56 जणांना एकच वस्तू टेबलावर ठेवली तर मागच्यांना काही दिसत नाही. सात-आठ गट करा, प्रत्येकाच्या मधी एक स्टूल, त्यावर एकच वस्तू, दिवा बंद आणि उजेड एकाच खिडकीतून, म्हणजे सावली नीट पडते. सूप, दुरडी, मडकं, केटली, काहीही चालतं.

नववीची_आई, नांदेड:
सर इतकं कशाला, बाजारात गाइड मिळतात, त्यातली चित्रं घोटून घ्या की. एलिमेंटरीनंतरच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली की दहावीला 7 मार्क मिळतात, बी ला 5, सी ला 3. पालकांना तेच पाहिजे असतं, मी पालक आहे म्हणून सांगायले.

जुना_कलाशिक्षक, लातूर:
ताई, मार्काचं बरोबर आहे, लेकराला मिळालेच पाहिजेत. पण स्मरणचित्राला, म्हणजे दिलेल्या विषयावर मनानं काढायच्या चित्राला, समजा गाइडमधला फुगेवाला पाठ केला अन् पेपरात विषय आला बस स्टँडवरची गर्दी, मग लेकरू स्टँडवर तोच फुगेवाला उभा करतं. तपासणाऱ्याला एका गठ्ठ्यात तसे वीस फुगेवाले दिसतात. त्यापेक्षा रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं एका लेकराला समोर उभं करा, वाकून घागर उचलताना, सायकलला पायडल मारताना, आणि एका मिनिटात नुसत्या काड्यांची आकृती काढायची. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, एवढं एक माप सांगा. दिवाळीपर्यंत लेकरं आठवडी बाजार मनानं काढायला लागतात, हे मी दरवर्षी बघितलंय.

मागावरची, पैठण:
संकल्पचित्रासाठी, म्हणजे नक्षीच्या डिझाइनसाठी, माझ्याकडून एक. आमच्या घरी पैठणीचा माग आहे. गणिताची चौकटीची वही घ्या, एक चौकट म्हणजे एक टाका समजा, आणि पैठणीवरचा बांगडी मोर (गोलातला मोर) किंवा मुनिया (पोपट) नुसत्या चौकटी भरून काढायला सांगा. गोल मान पायरी-पायरीनं वळवावी लागते, पिसारा कमी करावा लागतो, नको ते सोडावं लागतं. डिझाइन म्हणजे काय हे लेकराला तिथंच कळतं, भाषण द्यावं लागत नाही. मग तोच मोर शेजारी उलटा, खाली अर्धा सरकवून, असं करत काठ भरायचा. असावलीची वेल (फुलापानांची नक्षी) मात्र पहिल्यांदा देऊ नका, अवघड जाते. आणि रिकामी जागापण नक्षीचाच भाग असते हे जरूर सांगा, लेकरं मोकळं काही ठेवतच नाहीत.

रंगाचा_डबा, संभाजीनगर:
मी इथल्या सरकारी चित्रकला कॉलेजला शिकलो, मूळचा वसमतचा. सर, रंगाच्या पेट्या घ्यायला लावू नका. परीक्षेच्या 11 जणांत मिळून पोस्टर कलरच्या पाचच बाटल्या घ्या, लाल पिवळा निळा पांढरा काळा, बाकीचे मिसळून बनवू द्या. आणि सगळ्या वर्गासाठी गेरू, हळद, चुना, दिव्याची काजळी. बाभळीचा डिंक रात्री भिजवायचा, फडक्यानं गाळायचा, त्यात वस्त्रगाळ गेरू खलायचा, मस्त रंग होतो. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. हळदीत चुना कालवला की लाल, ते का होतं ते तुम्हीच सांगा, तुमचाच विषय आहे. फक्त हळदीचं चित्र उन्हात लावू नका, उडतं.

मग अजिंठ्याला न्या. तिथंपण तांबडी-पिवळी माती, चुना, काजळी असेच बहुतेक रंग आहेत, निळा तेवढा लांबून आणलेल्या दगडाचा. भिंतीला मातीत साळीचा तूस, गवत घालून गिलावा, वरून चुन्याचा पातळ हात. ज्या लेकरानं स्वतः गेरू खललाय ते पद्मपाणीच्या, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या, चित्रापुढं वेगळ्याच नजरेनं उभं राहतं. आणि 2 नंबरच्या लेण्याचं छत जरूर बघायला लावा, सगळी संकल्पचित्रंच आहेत.

दुधनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. भाकरीचा तास आज घेतला. वर्गात एक पोरगा आहे, कधी वही काढत नाही, तो भाकरी वर-खाली करत बसला आणि एकदम ओरडला, सर ही तर मिटली! मग सगळा वर्ग डब्यातल्या भाकऱ्या काढून बघायला लागला. शेवटी 14 तांबे काढून झाले, त्यातल्या नऊंची तोंडं गोलसर आलीत, बुडाचं अजून जमंना. डोंगराचं विचारणाऱ्या पोरीला सांगितलं की आपल्या इथं डोंगर नाही तर शाळेमागचा बंधारा काढ, ती मधल्या सुट्टीत जाऊन बसली होती.

अजिंठ्याची सहल डिसेंबरात काढावी म्हणतो. तिकिटाचं अन् वाराचं कुणी सांगेल का?

रंगाचा_डबा, संभाजीनगर:
सोमवार टाळा, अजिंठा बंद असतं. वेरूळ करणार असाल तर तिथं मंगळवारी बंद. 15 वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही, बोनाफाईड सोबत ठेवा. आत फ्लॅश चालत नाही आणि चित्रांच्या लेण्यांत अंधार असतो, पाच मिनिटं डोळे बसू द्या मग वह्या काढा. कागदाखाली धरायला प्रत्येकाला पुठ्ठा अन् दोन चिमटे न्यायला सांगा.